फळीला केलेला नमस्कार

तीर्थस्वरूप अण्णा,

सुनेचा नमस्कार. तुमच्या फोटोसमोर रोज बोलतेच, पण हे तोंडानं सांगवत नाही, म्हणून लिहिते. काल तुमच्या नातीची, गौरीची, जिल्ह्याची लांब उडी माझ्यामुळं बाद झाली.

निघताना मीच म्हटलं होतं, "ज्या फळीवरून उडशील, तिला उडी झाल्यावर नमस्कार करून ये." पहिलीच उडी काय गेली अण्णा! पोरगी वाळूतून उठली, तशीच मागं चालत आली, फळीला हात लावून कपाळाला लावला. पंचांनी लाल झेंडा दाखवला आणि न मोजताच वाळू सारखी केली.

"अहो, पाय तर फळीच्या अलीकडंच होता," मी म्हटलं.

"ताई, वाळूतून मागं आलं की फाऊल. पुढूनच निघायचं असतं."

दुसरी उडी बिचकून आखूड गेली. तिसरीत पाय फळीच्या पुढं पडला.

शाळेचे सर तापले. "एवढं सांगूनही? कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही, सर."

"मग पुढच्या वर्षी घरीच बस. मला संघात नको असली पोरगी."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. गौरीची पिशवी तेवढी उचलली.

रिक्षा क्रांती चौकात आली, तेव्हा मी विचारलं, "नियम ठाऊक नव्हता का गं?"

"होता. पण तू सांगितलं होतंस ना." मग म्हणाली, "अण्णा असते तर तुला लई बोलले असते. मला नाय."

"व्हय," म्हटलं.

तुमचंही थोडं चुकलंच. फुलंब्रीच्या शाळेत जन्मभर पोरांना खेळ शिकवलेत. गौरीला अंगणात चुन्याची रेघ आखून पळवलंत. मी चहा घेऊन आले की मात्र बोलणं थांबायचं. मॅट्रिक झालेल्या सुनेला दोन नियम कळले नसते का?

आज पूजा आटोपून तुमची नियमांची वही काढली. गोळाफेकीत वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं. देवळासारखंच हो हे, कुठून शिरायचं, कुठून निघायचं ठरलेलं. पुढं रिलेचं पान आलं. दांडी पडली, तर जिच्या हातून पडली तिनंच उचलायची. तिथंच थांबले.

उद्या शाळेत जाऊन सरांना सांगणार आहे, शिकवलं ते मी. गौरीला सोबत नेणार नाही.

तुमची सून,
सुमन