माझ्या बहिणीची मुलगी

९ मार्च २००५

प्रिय ताई,

तिसरं मूल झालं की सरपंचपद जातं, म्हणून अक्षदाला जन्मल्याबरोबर मी तुझ्याकडे मुरबाडला दिली. तरी कुणीतरी तक्रार केलीच. ठाण्याला सुनावणीत साहेबांनी विचारलं, "ही मुलगी तुमची?"

आमच्या यांनी पढवलं होतं तेच मी बोलले. "नाय साहेब, माझ्या बहिणीची हाय." तसं लिहूनही दिलं. माझं सरपंचपद राहिलं. गावाची नळयोजना अर्धी आहे, ती पुरी करायची आहे, असं मनाला सांगत राहिले.

काल महिला दिनाला शाळेत भाषण केलं. मुलगी झाली म्हणून तोंड पाडू नका, म्हटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला नुसतं खाली बसायचं होतं.

म्हशाच्या जत्रेत मी हात पुढे केला, तर अक्षदा तुझ्या पदराआड लपली. तू म्हणालीस, "जा गो, मावशी हाय ती." तुझी काय चूक? मीच तसं लिहून दिलंय.

हे पत्र मी पाठवणार नाही. कुणाच्या हाती लागलं तर पुरावा होईल. पण ताई, फार थकले. एका तरी कागदावर खरी सही करू दे.

अक्षदाची आई,
भागीरथी