माझी चव्वेचाळीस मॅग्नम

३ ऑक्टोबर, रविवार
सगळ्यात आधी आली ती सून. शेरिल. गाडीतून उतरली ती थेट माझ्या पडद्यांना बोट लावून धूळ बघायला. मागोमाग माझा ड्वेन, दार ढकलून, हात हलवत. सहा महिन्यांनी उगवले दोघं. खुर्चीत टेकायच्या आत शेरिलने पर्समधून रंगीत कागद काढले. मिसूला शहरातल्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीचे. फोटोत माझ्या वयाच्या बाया खुर्चीत बसून फुगे उडवताहेत. मला फुगे आवडत नाहीत.

निमित्त काय, तर वरच्या अंगाला लुंडक्विस्टांच्या रिकाम्या केबिनमध्ये चोरी झाली. लाकडं कापायची चेनसॉ गेली आणि फ्रीजरमधली हरणाची तंगडी. ड्वेन म्हणाला, आई, तू अठ्ठ्याहत्तरची, एकटी, शेजारी म्हणजे ऑर्विल, अर्ध्या मैलावर, तोही बहिरा. स्वतःला सांभाळता येतं हे मला दाखव, नाहीतर बर्फाआधी सामान बांधू. सात नोव्हेंबरला रविवारी बारा वाजता जेवायला येतो, तेव्हा काय तो निकाल.

मी म्हटलं, ठरलं. बंदूक घेते. गसची रायफल आहे म्हणा भिंतीवर (गस म्हणजे माझे यजमान, जाऊन चार वर्षं झाली, रायफल पुसली मात्र मीच), पण रायफल घेऊन न्हाणीघरात वळायचं कसं? मुठीतली पाहिजे. आणि मोठी. शेरिलने कपाळाला हात लावला. ती बिचारी टोस्टर उडाला तरी दचकते.

५ ऑक्टोबर, मंगळवार
ऑर्विल कॉफीला आला. काचा पुसायच्या फडक्यात गुंडाळून स्वतःचं रिव्हॉल्वर घेऊन. त्याचं मत असं (आकडे नळीच्या मापाचे): बावीसची उंदराला, नऊ एमएम शहरातल्या लोकांना, अडतीसची बायकांना. मी म्हटलं, मी कोण मग? तो म्हणाला, तू व्हर्ना टोलेफसन, तुला अडतीसचीच. केक परत डब्यात ठेवला मी. तेव्हा म्हणाला, बरं बाई, चव्वेचाळीस मॅग्नम घे, अस्वल आलं तरी पुरेल. हे मात्र पटलं. चोर आणि अस्वल, एकीत दोन कामं.

संकल्प: महिनाभरात नेमबाजीच्या रेंजवर नाव काढायचं. तिथल्या फळ्यावर पहिल्या दहांची नावं लिहितात म्हणे. गसचं नाव तिथे कधीच आलं नाही.

६ ऑक्टोबर, बुधवार
बंदुकीच्या दुकानात. मालकीण टेस, दंड पैलवानासारखे, पाठीवर वेणी. तिची एक रीत मला फार आवडली. प्रत्येक बंदूक आधी उघडून रिकामी आहे ते स्वतः बघते, मग तुम्हाला दाखवते, मग हातात देते, आणि तुम्हीही परत बघायचं. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर देताना मान धरतात ना, तसं.

कशाला हवी, तिने विचारलं. मी म्हटलं, घरात चोराला आणि रेंजवर नाव कमवायला. तिने पंचेचाळीसची ऑटोमॅटिक दिली. तिचा वरचा भाग मागे ओढावा लागतो. मी ओढला. हलला नाही. आतली स्प्रिंग गंजली असणार, तसं सांगितलंही. टेसने दोन बोटांनी ओढून दाखवला. असतात काही वस्तू मालकाचा हात ओळखणाऱ्या.

मग काचेखाली ती दिसली. चव्वेचाळीस. साडेसहा इंच नळी, आणि मुठीचं लाकूड हुबेहूब माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या रंगाचं. टेस म्हणाली, मावशी, ही मनगट उलटं करेल, अडतीसची घ्या, किंवा निदान हिच्यात हलकी काडतुसं घाला. मी म्हटलं, पोरी, मी या हातांनी गाईच्या पोटातून वासरं ओढून काढलीत. ती म्हणाली, वासरू उलट लाथ मारत नाही. हिला काय माहीत.

कागद भरले. फोनवर माझी चौकशी झाली. मी सज्जन निघाले.

९ ऑक्टोबर, शनिवार
ॲप्रनच्या खिशात ठेवून बघितली. ॲप्रन गुडघ्यावर आलं.

टेसने लोखंडी पेटीही गळ्यात मारली, आकड्यांच्या कुलपाची. बंदूक उघड्यावर ठेवायची नाही म्हणाली, आणि ते बरोबरच आहे. आकडा लग्नाची तारीख ठेवला, दाखल्यावरून टिपून. सरावासाठी पेटी उघडून बघितली. वीस मिनिटं. बारा जून का तेरा, यावर गस आणि मी आयुष्यभर भांडलो. तेरा निघाली. म्हणजे तोच बरोबर होता. हे इथेच राहू दे.

वीस मिनिटं चोर थांबेल का? थांबेल. पेटी उघडतानाचं माझं बोलणं ऐकून कुणीही थांबेल.

१६ ऑक्टोबर, शनिवार
रेंज! काय सांगू! कानांवर आवाज अडवणारे मोठाले इअरमफ, डोळ्यांवर चष्म्यावर चष्मा. चाप ओढला आणि अंगठ्यापासून दातांच्या कवळीपर्यंत झिणझिण्या. टोपी उडाली, मी हसत सुटले, थांबेचना. लग्नातसुद्धा इतकं हसले नव्हते.

सहापैकी एकही गोळी वाया गेली नाही. एक कागदाच्या खाली मातीत. चार कुठे गेल्या ते माती सांगेल. आणि एक बरोबर मध्यभागी, शेजारच्या माणसाच्या कागदावर. सगळ्यांनी गोळीबार थांबवून पुढे जाऊन कागद बघायचे असतात, तेव्हा तो मला म्हणाला, बाई, ही तुमची. मोठ्या मनाचा माणूस, स्वतःची बंदूकही चालवून बघायला दिली, हलकीशी. तिने सगळ्या कागदात लागल्या. पण ती काही मोठी बंदूक नाही.

फळ्यावर नाव नाही आलं. पहिला दिवस.

२३ ऑक्टोबर, शनिवार
आज टेसने डाव साधला. म्हणाली, द्या, मी भरते. मी नेम धरला, चाप ओढला, आवाजच नाही, आणि नळीने मात्र जमिनीला वाकून नमस्कार केला. सगळी रांग बघत होती. तिने मुद्दाम मधेच एक उडवलेलं रिकामं काडतूस घातलं होतं. हे म्हणे सगळ्यांना करतात. बार उडायच्या आधीच माणूस घाबरून हात खाली दाबतो, ते बाहेर काढायला.

मी घाबरत नाही. मी बंदुकीला आधीच सावध करते. टेस म्हणाली, तेच ते, मावशी. उपाय सांगितला: घरी रोज रिकाम्या बंदुकीने सराव करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि रेंजवर असतं तसंच सगळं अंगावर चढवून, म्हणजे सवय होईल.

संकल्प: रोज दोनशे वेळा.

२७ ऑक्टोबर, बुधवार
रोज शंभर वेळा.

३० ऑक्टोबर, शनिवार
मनगट सुजलंय. वाटाण्यांची पिशवी बांधून लिहितेय. आज रेंजला सुट्टी. नेम हा शेवटी डोक्यात असतो, आणि डोकं सुजलेलं नाही.

इअरमफ मात्र सोन्यासारखे. घातले की फ्रीजची घरघर नाही, ऑर्विलच्या ट्रकची खडखड नाही, काही नाही. परवा तो अंडी ठेवून गेला तेही कळलं नाही. टेबलावर अंडी बघून क्षणभर वाटलं, गसच आला की काय.

६ नोव्हेंबर, शनिवार
उद्या निकाल. बेत पक्का: एल्क हरणाचं मांस भट्टीत, बटाटे, हकलबेरीचा पाय (रानफळं भरून भाजलेला, गोड). जेवण झाल्यावर सगळ्यांना, ऑर्विललाही बोलावलंय, गोठ्यामागे न्यायचं, तिथे मातीचा उंच बांध आहे, गोळी पुढे जात नाही. सात पावलांवर त्या पायचं रिकामं पत्र्याचं ताट उभं करायचं. पाच गोळ्या, पाच भोकं. ड्वेन म्हणेल, आई, चुकलो. शेरिल रडेल. तिला पाण्याचा ग्लास द्यायचा.

आज रात्री हिवाळ्याची वेळ सुरू होते, देशभर सगळेच घड्याळं मागे घेतात, म्हणून घड्याळ तासभर मागे केलं.

७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी लवकर. घड्याळ तासभर मागे केलं. मांस भट्टीत.

माझ्या घड्याळात साडेदहा. ताटं मांडली. पाहुण्यांना अजून दीड तास. आतल्या खोलीत जाऊन शेवटचा सराव, सगळं अंगावर चढवून.

संध्याकाळी पाच.
झालं ते लिहून टाकते.

भट्टी बघायला बाहेर आले, तर भट्टी रिकामी. टेबलाशी तिघं. ऑर्विल, ड्वेन, शेरिल. मांस कापून झालेलं, बटाटे संपत आलेले, शेरिल हकलबेरीचा पाय वाढत होती. मी दारात, हातात चव्वेचाळीस, कानांवर मफ, दोन चष्मे. ऑर्विल काहीतरी बोलला. मफ काढल्यावर कळलं, तो म्हणत होता, मीठ कमी पडलंय.

घड्याळ मी काल मागे केलं होतं आणि आज पुन्हा. तिघं बाराला वेळेवर आले. दार वाजवलं. हाका मारल्या. ड्वेनने गाडीचा हॉर्न वाजवला, ऑर्विलसुद्धा म्हणाला की त्याला ऐकू आला. शेवटी दार ढकललं आणि आत आले. दार उघडंच होतं. आमच्याकडे दार लावतं कोण? ऑर्विल लावत नाही, लुंडक्विस्टही लावत नव्हते.

ड्वेनने चमचा खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, आई, अस्वल मारायची बंदूक घेतलीस. दाराला कुलूप लावलं नाहीस? मी म्हटलं, किल्ली कुठेय ते माहीत नाही, तुझ्या जन्माच्या वेळी शेवटची बघितली होती. तो म्हणाला, तासभर आम्ही इथे जेवतोय, चोर असतो तर? मी म्हटलं, चोराने गोडाच्या बशा काढल्या असत्या का माझ्या चांगल्या कपाटातल्या? तो उठला आणि शेरिलच्या पर्समधून ते रंगीत कागद काढून त्याने टेबलावर ठेवले.

मी त्याला अडवलं. म्हटलं, आधी गोठ्यामागे चल. गेलो. ताट उभं केलं. पाच गोळ्या. ताटाला वारासुद्धा लागला नाही. उन्ह डोळ्यांवर होतं. ऑर्विल म्हणाला, उन्ह पाठीमागे आहे. त्याला आजच सगळं दिसायचं होतं.

 मला घराचं छप्पर दिसत होतं, धुराडं दिसत होतं, गसने लावलेला तो वाकडा पाइप. मी मान फिरवली. तेव्हा शेरिल म्हणाली, बघू आई, इकडे द्या. ड्वेन म्हणाला, शेरी, तू नको. तिने पर्स त्याच्या हातात दिली. टेस देते-घेते तसं मी उघडून, दाखवून, मूठ पुढे करून दिली. काडतुसं ऑर्विलने भरली. ती बाई पाय रोवून उभी राहिली आणि पाच गोळ्यांत ताटाची चाळणी केली.

मी म्हटलं, तिला हलकी काडतुसं दिलीत. ऑर्विल म्हणाला, तुझ्याच खोक्यातली आहेत, व्हर्ना.

शेरिलच्या गालावर रंग चढला होता. वीस वर्षांत तिला अशी पाहिली नव्हती. म्हणाली, अजून आहेत का?

संध्याकाळी पाच पंचवीस.
हकलबेरीचा पाय गरम करून खाल्ला. एकच तुकडा उरला होता, कडेचा.

निकाल: वसंतापर्यंत मी इथेच. पण चव्वेचाळीस शेरिलकडे. ड्वेन पुढच्या खेपेला दाराला कुलूप बसवणार, किल्ल्या तीन, एक ऑर्विलकडे. मफ फक्त गोठ्यामागे. माझ्यासाठी टेसकडून बावीसची आणायची. उंदरांची. मी म्हटलं, बघू. शेरिलला इतकी चांगली शिकवल्यावर मला तशीही मोठीची गरज नाही.

ते रंगीत कागद शेरिल टेबलावरच विसरली. चूल पेटवायला होतील, चकचकीत कागद जरा उशिरा पेट घेतो इतकंच.

जाताना शेरिलने खिडकीची काच खाली केली. म्हणाली, सराव तुटायला नको, आता दर रविवारी येत जाऊ. पहिली खेप चौदा तारखेला, बारा वाजता. घड्याळ ड्वेन लावून गेलाय.