धूर आमचा, झाडं ओरेगॉनची

३ मार्च
रिफायनरीला आणखी एक धुराडं हवं आहे, आमच्याच गल्लीच्या टोकाला. पर्यावरण खात्याने परवानगीचा मसुदा लोकांच्या मतांसाठी ठेवला आहे. त्यांचा हिशेब असा: इथे धूर वाढेल, पण कंपनी तिकडे दूर ओरेगॉन राज्यातलं जंगल न तोडण्याचे पैसे भरेल, म्हणून एकूण वाढ शून्य. माझी धाकटी बहीण ओफेलिया नाकात ऑक्सिजनची नळी घालून इथे पुढच्या खोलीत बसते, ओरेगॉनमध्ये नाही. हे मी थांबवणार. नन्सच्या हाताखाली इंग्रजी शिकलेय, शाळेच्या ऑफिसात जन्म गेला. खात्यात माझ्यापुढे कोण टिकणार?

५ मार्च
मसुदा वाचला. भयंकर. पहिल्याच वाक्यात कर्ता एकवचनी, क्रियापद अनेकवचनी. स्वल्पविराम तर मीठ भुरभुरावं तसे. सगळ्या चुका काढून पाठवते आहे. माणसाला आधी लाज वाटली पाहिजे, मग तो ऐकतो. ओफेलिया म्हणाली, "ओर्तेन्सिया, धुराचंही लिही हं." लिहिलंय. शेवटी.

१८ मार्च, संध्याकाळ
शाळेच्या जिममध्ये सुनावणी. माणशी दोन मिनिटं. मी रीतसर, सभ्यपणे सुरुवात केली. मुद्द्यावर आले आणि घंटा वाजली. शेजारचा एउसेबियो, बंदरावरचा निवृत्त क्रेनवाला, म्हणाला, "सेन्योरा, झकास. मूल व्हायच्या आधीच बाप्तिस्मा उरकलात." असल्या माणसांमुळेच आपलं कोणी ऐकत नाही.
खात्याच्या मिस ट्रॅन गोड हसून म्हणाल्या, धूर कुठून निघतो याने पृथ्वीला फरक पडत नाही. मी विचारलं, "पृथ्वीला दमा आहे का?" माइक बंद होता, पण बाई अस्वस्थ झाल्या. एउसेबियो म्हणतो, त्या घड्याळ बघत होत्या.

२ एप्रिल
मिस ट्रॅन यांचा फोन. माझ्या सूचना 'अत्यंत मोलाच्या' आहेत म्हणाल्या. म्हणजे जिंकलोच. बेकरीतून गोड पाव आणला. ओफेलियाने अर्धा खाल्ला, धाप लागली, ठेवून दिला. खिडकी उघड म्हणाली. उघडली. वास आला, लावून घेतली. आता थोडेच दिवस, असं तिला सांगितलं.

२० मे
परवानगी दिली.
सोबत, कोणी काय मत दिलं आणि खात्याचं त्यावर काय म्हणणं, ते छापलं आहे. माझ्या नावापुढे: व्याकरणाच्या सर्व सूचना मान्य, दुरुस्ती केली. बहिणीचा श्वास: नोंद घेतली.
एउसेबियोला सांगितलं. वाटलं, टोमणा मारेल. टोपी काढून उभा राहिला नुसता. त्यापेक्षा टोमणा बरा.
ओफेलियाने परवाना वाचून दाखव म्हणून हट्ट धरला. सगळा वाचला. एकही चूक नाही. कुठे अडखळायला होत नाही.
"छान झालंय गं," ती म्हणाली. "आता अगदी स्पष्ट कळतं." एवढ्यानेच तिला धाप लागली, नाकातली नळी तिने दोन्ही हातांनी दाबून धरली.