भोंग्याची पट्टी

१० जाने. १९८८, रविवार. अंबरनाथ
बैठक आमच्याकडे. नियम जुनाच: ज्याची कॅसेट त्याने लावायची, संपेपर्यंत गप्प बसायचं, चर्चा चहाबरोबर. पाळतो एकटा लालवानी. उल्हासनगरला कापडाचं दुकान, पण गाणं ऐकताना माणूस डोळे मिटून बसतो. पेंडसे मात्र ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झाले तेच तज्ज्ञ होऊन. तोंडात चिवडा, वर 'वाहवा'. अर्धा शेंगदाणा सतरंजीवर उडाला. शिसारी.

आज मी माझ्या गाण्याच्या मास्तरांचा भीमपलास लावला. ७२ साली फॅक्टरीच्या याच क्वार्टरमध्ये दुपारी स्पूलच्या मशीनवर घेतलेला, मागे तंबोऱ्यावर मी. स्पूल बुरशीने गेलं, त्याआधी, दोन वर्षांपूर्वी, उल्हासनगरला कॅसेट करून घेतली ती एवढीच उरली. मास्तरांचं दुसरं काहीच नाही कुठे.

बदलापूरहून माईंना मुद्दाम बोलावलं होतं. नवऱ्याचा आवाज बारा वर्षांनी ऐकतील, डोळे पुसतील, असा माझा हिशोब. त्या दहा मिनिटं ऐकून म्हणाल्या, "हे ह्यांचं गाणं नाही."

पेंडसे हसले. पेटी काढून त्यांनी सूर धरला. "काळी दोन! काय तडफ आहे!"

माई: "ह्यांची पट्टी काळी एक. आणि हे असे पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे कधी गायले नाहीत."

मी चौघांसमोर म्हणालो, "माई, वय झालं की आठवण दगा देते."

चहा न घेता गेल्या. मला राग आला होता, अजून आहे. किती कौतुकाने बोलावलं होतं!

१७ जाने., रवि.
पेंडशांकडे. मंडळाच्या स्मरणिकेसाठी मास्तरांवर लेख लिहिलाय, तो वाचून दाखवला. 'विजेसारखी तान'. द्रुतच्या आधी मास्तर चार-पाच सेकंद थांबतात, त्याला 'धीट विराम' असं नाव दिलंय. शेवटी फॅक्टरीचा भोंगा येतो, तिथे दर वेळेसारखे सगळे हसले. भोंग्यालाही दाद! वीट आलाय या दादेचा. पण लेखात माझं नाव आहे, 'पट्टशिष्य' म्हणून. खोडायला नाही सांगितलं. पट्टशिष्य कसला, तीन वर्षांत पळालो.

माईंना कोणी बोलावलं नव्हतं. सौ. म्हणाली, "म्हातारीला बोललात ते बरं नव्हे." मी पेपर वाचत राहिलो.

२७ जाने., बुध.
खोकला. रजा. घरी काढा आणि भीमपलास.

एक वाजता खरा भोंगा झाला. पाचेक मिनिटांनी कॅसेटमधला. तो वर होता. चांगला एक स्वर वर.

पेटी घेतली. दोनदा, तीनदा तपासलं. शंकाच नाही. भोंगा सोळा वर्षांत बदललेला नाही, भिंतीपलीकडे रोज ऐकतो. म्हणजे कॅसेट जास्त वेगाने धावतेय, म्हणून सगळंच वर चढलंय. म्हणजे काळी एकच. म्हणजे माई

आम्ही ऐकतो रविवारी. रविवारी फॅक्टरी बंद. म्हणून दोन वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही, असं म्हणायची सोय आहे. पण तंबोरा त्या दिवशी मी लावला होता, काळी एकला! माझ्या हाताने! आणि मी यंत्रावर विश्वास ठेवून त्या बाईला खोटं पाडलं. जेवण गेलं नाही. स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

२८ जाने., गुरु.
उल्हासनगर, कॅम्प तीन, जिथे कॅसेट भरली ते दुकान. तेव्हाचं स्पूल वाजवायचं मशीन विकून टाकलंय. मालक हसत म्हणाला, "मोटर थोडी तेज थी साब. पब्लिक को तेज ही अच्छा लगता है. आपने भी तो कंप्लेंट नहीं किया." मूर्ख माणूस. पण शेवटचं वाक्य खरं.

२९ जाने., शुक्र.
लालवानीचं दुकान आज बंद, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. टेपरेकॉर्डरच्या मोटरला आतून एक बारीक स्क्रू असतो. एक वाजता भोंगा झाला, मी पेटीवर सूर धरून ठेवला आणि तो स्क्रू फिरवत कॅसेटचा भोंगा खाली आणत गेला. जुळला.

मग सुरुवातीपासून लावली. मास्तर आले. जड, सावकाश, प्रत्येक स्वरावर बसून. संपल्यावर लालवानी म्हणाला, "साब, हम लोग दो साल किसको सुन रहे थे?"

तान विजेसारखी वगैरे काही नाही. पायरी पायरी उतरते. पेंडशांची स्मरणिका छापून झाली.

३० जाने., शनि.
बदलापूर. टेपरेकॉर्डर पिशवीत घालून गेलो. माईंनी बस म्हटलं नाही, उठही म्हटलं नाही. लावली.

पहिल्या आलापालाच पदर तोंडाला. मला वाटलं, झालं, सुटलो. शरम वाटायला हवी होती मला.

तो 'धीट विराम' आला तशी म्हणाल्या, "बंद कर. तंबोऱ्याचा पंचम उतरलाय तुझा. ऐकू येतंय?"

आलं. ढळढळीत उतरलेला. दोन वर्षं आम्ही तो ऐकून माना डोलावतोय.

"ते थांबलेत ते तुझ्यासाठी. तू तार लावून घ्यावीस म्हणून. मी दारातच बसले होते. तू त्यांच्याकडे बघितलंस तरी का रे, अनंता?"

नाही. मी स्पूलची चाकं फिरताना बघत होतो. घरात नवीन मशीन होतं.

म्हणालो, "माई, चुकलो." म्हणाल्या, "चौघांत बोललास ना? मग चौघांत सांग. इथे कानात सांगून काय उपयोग?"

कॅसेट त्यांनी मागून घेतली. "राहू दे. तिकडे पुन्हा कोणीतरी दाद देईल." टेपरेकॉर्डरही ठेवून आलो. दुसऱ्या कशावर लावली की मास्तर पुन्हा धावायला लागणार.

निघताना दारापर्यंत आल्या नाहीत.

३१ जाने., रवि.
बैठक आमच्याकडेच. घरात टेपरेकॉर्डर नाही. सौ. विचारते, "मग आज ऐकणार काय सगळे?"

माळ्यावरून तंबोरा काढला. गवसणी धुळीने कडक झालीय. पंचमाची तार गंजून तुटलेली, उरलेल्या तीन लावल्या. काळी एक.

पेंडसे दुपारीच स्मरणिका देऊन गेले होते. लेखाखाली माझा जुना फोटो. छान दिसतो. त्याचीही किळस येते आणि तो मी दोनदा बघितला.

चार वाजायला आले. लालवानी येऊन बसलाय, माझ्याकडे बघत नाही. जिन्यावर पेंडशांचा खोकला. बरोबर आणखी दोघे आहेत. आज मला नियम मोडून पहिलं बोलायचंय, आणि चहाच्या आधी. वाक्य मनात तयार केलंय: मंडळी, माई म्हणाल्या ते