भावाच्या नावावर बसलेला सेन्सर

बाबा, काल दिघोरीहून भंडाऱ्याला येताना जावयाची गाडी तापली. गॅरेजवाल्यानं इंजिनाचा टेम्परेचर सेन्सर बदलला, तोवर मी मागच्या सीटवर पदर सावरून बसून होते. जावई म्हणाला, "आई, तुमाले कटाळा येऊन राहिला असन." मी हो म्हटलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं डोक्यात आहे.

अड्याळच्या आपल्या गॅरेजात डॉक्टरांची जुनी काळी गाडी आली, तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. गाडीच्या मीटरमधला तापमानाचा काटा हलतच नव्हता. इंजिन कधी उकळेल याचा पत्ता लागत नसे. मीटरच बिघडला असं धरून, या वेळी तार न तपासताच, तुम्ही नवा आणायला भंडाऱ्याला गेलात. भावाला गॅरेज सांभाळायला सांगितलं होतं, तो मित्रांबरोबर तलावावर पोहायला गेला. मी बॉनेट उघडते. तुम्हाला करताना पाहिलं होतं तेच करते. चावी फिरवून सेन्सरची तार काढते, इंजिनाच्या लोखंडाला टेकवते, आणि काटा सरळ शेवटापर्यंत जातो. म्हणजे मीटर चांगला, सेन्सर मेलेला. मोडीतल्या एका गाडीचा सेन्सर फळीवर पडलेला असतो. रेडिएटरमधलं थोडं पाणी सोडते. जुना सेन्सर गंजून घट्ट बसलेला. रॉकेल टाकून टाकून सोडवते, बोटाची साल निघते, पण आटे शाबूत राहतात. दुसरा बसवून, पाणी भरून इंजिन चालू केलं आणि काटा हळूहळू वर चढू लागला, तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले होते. तुम्ही परत आलात, काट्याकडे बघत राहिलात. "तूनं केलं?" एवढंच विचारलंत. मला वाटलं, आता पाठीवर हात पडणार.

संध्याकाळी डॉक्टर आले. "कोणी दुरुस्त केली हो?" तुम्ही म्हणालात, "पोरानं." भाऊ ओल्या केसांनी शेजारीच उभा होता. डॉक्टर खूश झाले. आयटीआयमध्ये त्यांची ओळख होती. भावाला मोटर मेकॅनिकला घालायचं तिथंच ठरलं. जेवताना मी विचारलं, "बाबा, खोटं काहून बोलले?"

"पोरगी गाड्या खोलते म्हणून गावभर झालं त कोन करन तुह्यासंग लगन? आन् आजपासून गॅरेजात पाय नाही ठेवाचा."

आई खाली मान घालून भात वाढत राहिली.

पुढच्याच वर्षी मला दिघोरीला दिलंत. भाऊ आयटीआय अर्धवट सोडून आला. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तेच डॉक्टर तपासायला आले आणि म्हणाले, "तुमच्या मुलानं बसवलेला सेन्सर अजून चालतोय बरं का." मी उशाशी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. शुद्ध होती, आवाजही होता. मी वाट पाहिली. तुम्ही कूस बदललीत.

लोक म्हणतात, बापानं पोरीचं भलंच पाहिलं. असेल. पण त्यासाठी माझं काम दुसऱ्याला देऊन टाकायची गरज नव्हती. नुसते गप्प राहिला असतात तरी माझं लग्न झालंच असतं.

तुम्हाला नेलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तेरवी झाल्यावर भावानं तुमचे पाने, पकडी, जॅक, सगळं भंगारवाल्याच्या ठेल्यावर टाकलं, तेव्हा मात्र मी अंगणात बसून ढसाढसा रडले. आईनं जवळ घेतलं. "रडू नको बाई, चांगला होता तुहा बाप." तिला वाटलं, मी तुमच्यासाठी रडते आहे. मी तसंच वाटू दिलं.