चालायला वेळ

मंगळवार, संध्याकाळ

साखर वाढलीय, रोज चालायला हवं, असं काल डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून येताना आमच्या ह्यांचा उपदेश सुरू, "वेळ मिळत नाही गो, काढावा लागतो." वा! हे रोज सकाळी पांढरे बूट घालून मांडवीच्या किनाऱ्यावर फिरून येतात, तेव्हा दोघांचे डबे कोण भरतं? आणि ते पांढरे बूट धुतं कोण?

आज ऑफिसातून आले, पर्स ठेवली आणि म्हटलं, "जरा फिरून येऊ का?"

"आत्ता? मग जेवणाचं?"

"भात लावा. वेळ काढावा लागतो."

तोंड बघण्यासारखं झालं. मी चपलांवरच निघाले. परत आले तर भात अर्धा कच्चा आणि हे गाल फुगवून बसलेले. बूट एवढे पांढरेशुभ्र, पण माणसाला कुकर लावता येत नाही! कीवसुद्धा आली नाही.

किनाऱ्यावर फार बरं वाटलं, अगदी मोकळं. पण आता एक गोष्ट सलतेय. साखर माझी, पाय माझे. मग निघताना मी परवानगी का मागितली? ह्यांनी कधी मागितली होती?

उद्या विचारणार नाही. नुसतं सांगून निघेन.