कॅमेऱ्यात राहिलेला अष्टमीचा चंद्र

मी, श्रीमती उत्तरा देवव्रत पोंक्षे, वय वर्षे त्र्याहत्तर, विमा कचेरीतून निवृत्त, राहणार चैत्रबन सोसायटी, मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. काळीज कुरकुरतं, पण डोकं शाबूत आहे, तसा डॉ. गंधाली सामंत यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतल्या ठेवी माझे चिरंजीव मुकुल आणि कन्या सई यांना समसमान. इमारत पाडून नवी झाली तरी वाटणी हीच. माझी मुलं पैशावरून भांडणारी नाहीत, हे अभिमानाने नमूद करते. ती कशावरून भांडली ते पुढे येईल.

२. माझी नथ सून ऋतिका हिला. मुकुलने मला आणून दिलेला डिजिटल कॅमेराही तिलाच. त्यावर चंद्र झकास येतो, यात वाद नाही. एका दमात शंभर फोटो निघतात, त्यातले चांगले निवडून कॉम्प्युटर त्यांचा एक करतो. पण त्याला दुसरं माणूस लागत नाही, म्हणून माझा जीव त्यात रमला नाही.

३. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. प्रीतम शहा यांना माझी मोठी काळी छत्री. त्यांनी गच्चीवर लावलेल्या हॅलोजनवर ती कायमची बांधावी. अर्ज करून मी थकले.

४. माझे यजमान कै. देवव्रत यांची दुर्बीण, तिचा लोखंडी स्टँड आणि फिल्मचा जुना कॅमेरा मुकुल व सई यांच्या संयुक्त मालकीचा राहील. कोणीही एकट्याने उचलून नेऊ नये. त्याचं कारण लिहिते.

कोजागरीला अख्खी सोसायटी आटीव दूध घेऊन गच्चीवर यायची. "काका, आज फोटो काढा ना!" हे म्हणायचे, "पौर्णिमेचा चंद्र म्हणजे पापड. सपाट. अष्टमीला या." अष्टमीला कोणी फिरकत नसे. अर्ध्या चंद्रावर ऊन तिरकं पडतं, विवरांच्या सावल्या लांब होतात आणि तिथले डोंगर खरोखर डोंगर दिसतात. दिवेलागणीला आम्ही दोघंच वर असायचो.

रीत अशी. शटर उघडताना दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा थरथरतो, चंद्र पुसट येतो. म्हणून मी दुर्बिणीच्या तोंडाशी काळा पुठ्ठा धरायची. माझ्या लग्नातल्या शालूच्या खोक्याचं झाकण ते. हे तारेची कळ दाबून तिचा स्क्रू आवळायचे, म्हणजे शटर उघडंच राहायचं, आणि म्हणायचे, "हं." थरथर निवली की मी पुठ्ठा अलगद बाजूला करायची आणि परत धरायची. तेवढा वेळ ह्यांचा दुसरा हात दुर्बीण चंद्रामागून हळूहळू फिरवत असे, कारण चंद्र कोणासाठी थांबत नाही. त्या क्षणी खालचे रिक्षांचे हॉर्न ऐकू यायचे नाहीत. आम्ही दोघं चंद्रावरच्या एखाद्या विवराच्या काठाशी पाय सोडून बसलोय, खाली निळी सावली आहे आणि घरी जायची काही घाई नाही, असं वाटायचं. मी फार सुखात होते.

५. अशाच एका अष्टमीला हे गच्चीवरच गेले. कॅमेऱ्यात अर्धा रोल राहिला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुकुल म्हणाला, "आई, धुऊन आणतो ना. बाबांचे शेवटचे फोटो आहेत."

सई म्हणाली, "हात लावू नकोस. धुतला की संपलंच ना सगळं!"

"मग काय, कपाटात ठेवून पूजा करणार?"

"आणि तू दुकानात टाकून मोकळा होणार. तुला सगळ्याचीच घाई रे!"

तेव्हापासून बोलणं बंद. राखी माझ्या हातून जाते, ओवाळणी माझ्या हातून येते. म्हातारपणी मी पोस्टमन झाले. परवाच्या भाऊबीजेला सईने माझ्या खिडकीतून बीजेच्या चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नाही त्या बायका तसं करतात. हिचा भाऊ ठाण्यात जिवंत आहे. चंद्र नखाएवढा होता, आणि मला रडू आवरेना.

म्हणून ठरवते, की रोल धुवायचाही नाही आणि जपायचाही नाही. आधी पुरा करायचा. माझ्यामागे वर्षाच्या आत एका शुद्ध अष्टमीला दोघांनी गच्चीवर जावं. एकाने शटर, एकाने पुठ्ठा. आलटून पालटून केलंत तरी चालेल. मग रोल धुवावा. वर्षात हे झालं नाही, तर व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या डॉ. गंधाली यांनी भर दुपारी उन्हात कॅमेऱ्याची पाठ उघडावी, म्हणजे सगळंच पुसून जाईल. ती उघडेल. तिला मी शपथ घातली आहे.

६. त्या रोलवर ह्यांची शेवटची फ्रेम वाया गेलेली दिसेल. दुकानदार म्हणेल, ही नको. तीही छापून घ्यावी. त्या संध्याकाळी ह्यांनी "हं" म्हटलं, मी पुठ्ठा बाजूला केला, आणि हे खाली बसले. पुठ्ठा टाकून मी धावले. शटर उघडंच राहिलं. दुर्बीण फिरवणारा हात नव्हता, तेव्हा चंद्र आपला आपण त्या चौकटीतून चालत बाहेर गेला असणार. उजेडाचा एक पट्टा असेल, बाकी काही नाही. बाळांनो, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तो पट्टा एकटीने बघायचं बळ माझ्यात नव्हतं. तुम्ही दोघं मिळून बघा.

डॉक्टर येऊन गेल्यावर मी शटर मिटलं. रोल मात्र पुढे सरकवला नाही. हात झाला नाही. तो तुम्ही सरकवा.

हे सारं मी वाचून पाहिलं आहे आणि मी दोन्ही साक्षीदारांच्या देखत व त्यांनी माझ्या देखत सह्या केल्या आहेत.

सही: उत्तरा देवव्रत पोंक्षे

साक्षीदार:
१. डॉ. गंधाली सामंत, मुलुंड पूर्व
२. श्री. भीमराज तांबे, शेजारी, चैत्रबन सोसायटी

स्थळ: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: ३० ऑक्टोबर २०२५, कार्तिक शुद्ध अष्टमी